पाच नंबरचा पाय

२ तारीख, मंगळवार

पॉलिशच्या कंपनीने दुकानाला तीन डायऱ्या फुकट पाठवल्या. एक मालकांनी घेतली, एक काउंटरवरच्या नव्या मुलीने पळवली, उरली ती माझ्या वाट्याला आली. लेक म्हणाली, "आई, तू दिवसभर जे बोलतेस ते यात लिहीत जा. माझे कान तरी सुटतील." तर ही सुरुवात. तिचे कान काही सुटायचे नाहीत.

आजची बातमी म्हणजे आमचे कारागीर रजेवर गेले, पुरते चार आठवडे. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून शिलाई, टाचा, तळवे सगळं हा एकच माणूस करतो. तोंडात सदानकदा चार-पाच बारीक खिळे धरलेले, त्यामुळे बोलणं असं नाहीच. "हं" आणि "उद्या" एवढ्यावर त्यांचं वर्ष निघतं. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली, घरी एक बहीण आहे. डोळ्यांत थेंब घालायचं काम तीच करणार म्हणे.

पण जाताना खिळे काढून चक्क एक अख्खं वाक्य बोलले. मालकांना म्हणाले, "नवी सॅम्पलं आली तर मी येईपर्यंत बाईंना घालायला देऊ नका." म्हणजे मला! मी तिथेच उभी होते. मालक म्हणाले, "अहो, माल दाखवायचा सव्वीसला, तुम्ही येणार तीसला. मग काय बाईंनी अनवाणी चालून दाखवायचं?" कारागीर काहीतरी बोलणार होते, पण माझ्याकडे बघितलं आणि गप्प बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षांत मी एका सॅम्पलला ओरखडा पडू दिलेला नाही.

सॅम्पल म्हणजे काय ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे मीच विसरेन. बुटांची कंपनी प्रत्येक नव्या बुटाचा एकच जोड पाठवते, बायकांचा पाच नंबर. वर्षातून दोनदा आसपासचे दुकानदार आमच्याकडे येतात. मी एकेक जोड घालून सतरंजीवर चालते, ते बघतात आणि ऑर्डर देतात. हंगाम संपला की त्यातला एक जोड मालक मला देतात, मग रोज पायात तोच. मालकांनी मला नोकरीवर घेतलं ते तोंड बघून नाही, तोंडामुळे तर जवळजवळ गेलीच होती. घेतलं ते पाय बघून. साच्यातून काढल्यासारखा पाच नंबर, असं तेव्हा म्हणाले होते. बाजारात मला अजून 'पाच नंबर' म्हणूनच हाक मारतात. हे गेल्यावरसुद्धा दुकानाने मला ठेवलं ते याच पायावर. तो आहे तोवर मी आहे.

५ तारीख, शुक्रवार

सॅम्पलं आली. एकोणीस जोड. एरवी खोकी उघडली की कारागीर सगळी मागे घेऊन जातात आणि दोन-दोन दिवस सोडत नाहीत. विचारलं की "पॉलिश". कंपनीतून आलेल्या कोऱ्या बुटाला कसलं आलंय पॉलिश? पण सांगणार कोण. यंदा ती कटकट नाही, खोक्यातून थेट माझ्या पायात.

आणि काय सांगू, सगळे घट्ट! कंपनीने चामड्यात हात आखडता घेतलाय. गेली कित्येक वर्षं सॅम्पलं कशी लोण्यासारखी पायात सरकायची. आता पाच नंबर लिहायचं आणि साडेचारचा माल पाठवायचा. मालकांना म्हटलं, तक्रार करा. ते म्हणाले, "घालून घालून सैल होतील." म्हणून रोज चार तास घालून काउंटरला उभी राहायचं ठरवलंय.

डाव्या अंगठ्याला नखाच्या कडेला जरा ठणकतंय.

८ तारीख, सोमवार

अंगठ्याचा बंदोबस्त केला. नखाचा कोपरा मांसात टोचत होता, म्हणून भरतकामाची बारीक कात्री घेतली आणि कोपरा खोलवर गोल कापून काढला. अगदी आत एक टोक राहिलं, कात्री पोचेना, ते नखाने ओढून तोडलं. डोळ्यांत पाणी आलं, पण दहा मिनिटांत हलकं वाटलं. लोक उगाच डॉक्टरकडे धावतात. लेकीला काही सांगितलेलं नाही. ती पराचा कावळा करते.

११ तारीख, गुरुवार

परत दुखतंय, आधीपेक्षा जास्त. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, नखाच्या मधोमध खाच पाड, म्हणजे नख मध्याकडे ओढलं जातं आणि कडा सुटतात. पाडली. नखाने अजून तरी ऐकलेलं नाही. कोपरा पुन्हा थोडा कापला.

दुपारी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी दहावीतली असेल, आणि आई अडून बसलेली की हिला चारच नंबर होतो. मी मुलीला मापाच्या पाटीवर उभी केली. साडेपाच! मग आईला चांगलं ऐकवलं. म्हटलं, "पाय बसून मोजायचा नाही, उभं राहून मोजायचा. तोही संध्याकाळी, दिवसभर चालून पाय पसरतो तेव्हा. आणि दर वर्षी मोजायचा. बायकांचे पाय बाळंतपणात वाढतात, वयानेही वाढतात. बोटांपुढे अंगठाभर जागा नको का?" ती म्हणाली, "तुम्ही तुमचा शेवटचा कधी मोजलात?" मला हसूच आलं. माझं माप अख्ख्या बाजाराला पाठ आहे, मी कशाला मोजू?

साडेपाचचे घेऊन गेली. मुलगी दारातून वळून माझ्याकडे बघून हसली.

१३ तारीख, शनिवार

आज अंगठा लाल, टरारून फुगलेला. चादर लागली तरी जीव कळवळतो. मालकांना सांगितलं, जिन्यात पाय मुरगळला.

जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत गेले तर नवी मुलगी सॅम्पल घालून आरशासमोर उभी. काळा, टोकदार, ज्याने माझा जीव घेतला तोच. तिला असा बसला होता की बघत राहावं. मला बघून दचकली, म्हणाली, "काकू, सहज हो." मी विचारलं, तुझा नंबर काय? म्हणाली, पाच.

 तेवीस वर्षांची पोर, पाच नंबर, पायाला एक भोवरी नाही. संध्याकाळी तिने न सांगता माझ्यासाठी काउंटरमागे स्टूल आणून ठेवलं. मला बसवायचंय तिला. सगळं कळतं मला. मी बसले नाही.

घरी येऊन रडले. लेक यायच्या आत तोंड धुतलं.

१५ तारीख, सोमवार

पकडले गेले. मोजा धुवायला टाकला होता, त्यावर पिवळा-लाल डाग. लेक मोजा हातात धरून स्वयंपाकघरात आली.

"हे काय आहे?"

"मोजा."

"आई!"

"अगं, नख जरा लागलंय."

"पाय दाखव."

"मी तुझी आई आहे का तू माझी?"

"आत्ता मी तुझी. दाखव पाय."

दाखवला.  तिने खुर्चीत बसवून कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायला लावला आणि समोर जमिनीवर बसून राहिली. मग म्हणाली, "कधीपासून?" मी सांगितलं. "आणि दुकानात कुणाला माहीत आहे?" म्हटलं, कुणालाही नाही, आणि तूही बोलायचं नाहीस, सव्वीस तारखेला मला चालायचंय. तर म्हणते, "बाबा गेले तेव्हा चौथ्या दिवशी तू कामावर गेलीस. तेव्हाही म्हणालीस, मला चालायचंय." आणि रडायला लागली. मला कळेना, अंगठा माझा दुखतोय आणि रडते ही. पण मग मीही रडले. उद्या डॉक्टर.

१६ तारीख, मंगळवार

डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाची आहे. आधी वाटलं, हिला काय कळणार. तिने अंगठा बघितला आणि पहिलाच प्रश्न, "कोपरे गोल कापता ना? आणि मधली खाच कुणी सुचवली?" म्हटलं, बहिणीने. म्हणाली, "घरोघरी एक बहीण असतेच. खाचेने काही होत नाही, नख मुळाकडून वाढतं."

मग नीट समजावलं. कोपरा खोल कापला की बाजूचं मांस त्या रिकाम्या जागेत वर येतं. नख वाढायला लागलं की वाटेत ते मांस. नख त्यातच घुसतं. आणि तोडताना आत जे अणकुचीदार टोक राहतं ते काट्यासारखं रुतत जातं. म्हणजे मी आठवडाभर जे 'बरं' केलं तेच दुखणं होतं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा.

साखर तपासली, ठीक आहे. मग नंबर विचारला. म्हटलं, पाच. तिने एक मोठा कागद जमिनीवर ठेवला, मला त्यावर उभी केली आणि पेन्सिलीने पायाभोवती रेघ काढली. मग लेकीने दाखवायला आणलेला सॅम्पलचा बूट उचलून त्या आकृतीवर ठेवला. चहूबाजूंनी रेघ बुटाच्या बाहेर! अंगठ्याकडे तर बोटभर. मी म्हटलं, कंपनीने माल लहान काढलाय. ती म्हणाली, "कंपनीने काढला असेल, पण पाय तर तुमचाच आहे ना?"

मी सांगितलं, अहो, गेली इतकी वर्षं मी हाच नंबर घालते, कधी एक दिवस त्रास नाही. याच महिन्यात झालं. तिने विचारलं, "मग याच महिन्यात काय बदललं?" मी खूप आठवलं. काहीच बदललेलं नाही. कारागीर रजेवर आहेत तेवढंच, पण त्याचा पायाशी काय संबंध.

नखाची कड उद्या काढायची. पू झालाय, मिठाच्या पाण्याची वेळ गेली म्हणाली.

१७ तारीख, बुधवार

झालं. अंगठ्यात सुई टोचली तेव्हा सगळे पूर्वज आठवले. नंतर काही कळलं नाही. अख्खं नख नाही काढलं, कडेची उभी पट्टी तेवढी काढली आणि मुळाशी औषध लावलं, म्हणजे ती कड पुन्हा उगवणार नाही. पट्टी मला दाखवली. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. एवढ्याशा तुकड्याने मला पंधरा दिवस नाचवलं.

हुकूम असे. दोन दिवस पाय उशीवर. रोज ड्रेसिंग. गोळ्या पूर्ण करायच्या. पुढून उघडी चप्पल. नख यापुढे सरळ कापायचं, बोटाच्या टोकाइतकं ठेवायचं, कोपरे दिसले पाहिजेत. आणि पाच नंबर बंद. हे शेवटचं ऐकून मी म्हटलं, "मग मी करू काय?" तिला वाटलं, मी बुटांबद्दल विचारतेय.

लेकीने भरतकामाची कात्री लपवून ठेवली आहे.

२२ तारीख, सोमवार

ठणका गेला. पाच दिवसांत पाय असा हलका झालाय की मी रोज सकाळी बोटं हलवून बघते.

आज मालकांना खरं सांगायचं ठरवलं.  सांगायचं म्हणजे काय, की तुम्ही ज्या पायासाठी मला घेतलंत तो पाय आता नाही. वाक्य तयार केलं होतं, पण समोर गेल्यावर एकदम म्हणाले, "मालक, मी पाच नंबर नाही."

त्यांनी चष्मा काढला. "मग?"

"सहा असेन. मोजलेलं नाही."

"कधीपासून?"

"माहीत नाही."

"अहो बाई," ते म्हणाले, "मग सहाची सॅम्पलं मागवायची. एका फोनचं काम आहे. आधी बोलला असतात तर?"

एका फोनचं काम!  इतक्या वर्षांत मी हा विचारच केला नव्हता. म्हटलं, "आणि माझं काय?" ते म्हणाले, "तुमचं काय? सव्वीसला आता नवी सॅम्पलं पोचणार नाहीत. पोरगी चालेल, तुम्ही खुर्चीत बसून बोला. नाहीतरी लोक बूट बघतात आणि ऐकतात तुम्हाला." मग जरा खाकरून म्हणाले, "पाय बघून घेतलं हे खरं, पण नुसत्या पायाला कुणी सव्वीस वर्षं सांभाळतं का?"

 बाहेर येऊन नव्या मुलीने ठेवलेल्या स्टुलावर बसले. स्टुलावर तिने उशी बांधली आहे, ते मी आज पाहिलं.

२६ तारीख, शुक्रवार

बावीस दुकानदार आले. मी खुर्चीत, पाय स्टुलावर, उघड्या चपलेत, अंगठ्याला पांढरी टोपी. एकाने आरोळी ठोकली, "काय पाच नंबर, लढाईवरून आलात का?" मी म्हटलं, "लढाईच. आणि मी सहा नंबर आहे, नीट हाक मारा."

पोरगी पहिल्या दोन जोडांना लाजून खाली मान घालून चालली. मी म्हटलं, "अगं, बूट शोधतेयस का? ते पायातच आहेत, वर बघ." सगळे हसले, तीही हसली, मग छान चालली.

मग काळा टोकदार जोड आला. दरवेळी मी म्हणायचे, अगदी आरामशीर. आज म्हटलं, "हा दिसायला देखणा आहे, पण पुढे अरुंद आहे. बारीक पायाच्या गिऱ्हाइकाला द्या. बाकीच्यांना एक नंबर मोठा द्या, नाहीतर त्यांचा अंगठा माझ्यासारखी टोपी घालेल." मालकांनी कपाळाला हात लावला. पण एक म्हातारा दुकानदार म्हणाला, "आज पहिल्यांदा कुणीतरी बुटाचं खरं बोललं," आणि बाकीचे सगळे जोड डोळे झाकून घेतले. सहा-सात नंबरच जास्त लिहून घेतले सगळ्यांनी. बायकांचे पाय मोठेच असतात हो, सांगायची चोरी.

२७ तारीख, शनिवार

हे कसं लिहू कळत नाही.

कालच्या गडबडीत एका सॅम्पलची टाच निघाली. डिंक शोधायला मागच्या खोलीत कारागिरांच्या फळीवर हात घातला. डब्यांमागे कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. उघडलं तर फर्मा. पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, बूट ज्यावर चढवून ताणतात तो. डावा आणि उजवा. खाली कोरलेलं, ५.

पण तो पाच राहिलेलाच नव्हता. लाकडावर ठिकठिकाणी चामड्याचे पातळ तुकडे खिळ्यांनी ठोकलेले, एकावर एक. करंगळीच्या बाजूला दोन, चवड्यावर तीन, डाव्या अंगठ्यावर चार थर. प्रत्येक तुकड्यावर शाईने साल लिहिलेलं. सगळ्यात जुनं नऊ वर्षांपूर्वीचं. हे गेले ते साल. मी दिवसाचे अकरा तास उभी राहायला लागले ते साल. आणि त्याच वर्षी पहिल्यांदा कारागीर म्हणाले होते, "पॉलिश राहिलंय, दोन दिवसांनी न्या."

डॉक्टरीणबाईचा कागद पर्समध्ये होता. जमिनीवर पसरून त्यावर फर्मा ठेवला. रेघेला रेघ जुळली.

मी त्या फळीखाली बसून राहिले. नऊ वर्षं मी सांगत फिरले की माझा पाय तसाच आहे, आणि नऊ वर्षं हा माणूस दर हंगामाला माझा पाय बघून एक तुकडा ठोकत होता. पाटीवर न उभं करता. मला एका शब्दाने न दुखवता. आधी राग आला, मग लाज वाटली, मग इतकं भरून आलं की पोरगी पाणी घेऊन आली. तिला म्हटलं, डिंक डोळ्यांत गेला.

३० तारीख, मंगळवार

कारागीर आले. काळा चष्मा, अजून दोन आठवडे लावायचा आहे. खिळे नव्हते तोंडात, पण बोलणं तेवढंच.

मी फर्मा त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उचलून मांडीवर घेतला आणि जुन्या सवयीने अंगठ्यावरून बोट फिरवलं.

म्हटलं, "सांगितलं का नाहीत?"

 मग म्हणाले, "तुम्ही फार ऐटीत सांगायच्या, माझा पाच. ती ऐट मोडावीशी वाटली नाही." नंतर माझ्या पायातल्या उघड्या चपलेकडे, ड्रेसिंगकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "मी सांगायला हवं होतं. चूक झाली. रजेवर जायच्या दिवशी बोलणार होतो, तुमच्यासमोर जमलं नाही."

मी म्हटलं, चूक माझी. दिवसभर दुनियेचे पाय मोजते आणि स्वतःचा मोजत नाही, असं कुणी ऐकलंय का? आणि पाटी ओढून तिच्यावर दोन्ही पायांनी उभी राहिले. संध्याकाळ होती, माप घ्यायची योग्य वेळ. म्हटलं, "घ्या माप. मोठ्याने सांगा. सगळ्या दुकानाला ऐकू जाऊ दे."

त्यांनी पाटीकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "उजवा सहा. डावा साडेसहा." पोरीने वाकून पट्टी सरकवली आणि ओरडली, "काकू, बरोब्बर!"

आता मला माझ्या मापाचा एक जोड करून देणार आहेत, पुढून रुंद, मऊ चामड्याचा. फर्मा नव्याने कोरायचा म्हणतात, ठिगळांचा नको. त्यासाठी एकदाच माप घेऊन भागत नाही म्हणे, रोज दुकान बंद होताना घ्यावं लागेल, महिना-दोन महिने तरी. सव्वीस वर्षं या धंद्यात आहे, पण फर्म्यासाठी रोज माप घेतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं. लेकीला सांगितलं तर ती पोट धरून हसत सुटली आणि का हसते ते सांगेना. असो. कारागिरीतलं त्यांना जास्त कळतं. उद्या साडेसहाला बोलावलंय, नख सरळ कापून जाईन.